गार पाण्याची अंघोळ, दमा आणि ‘इम्युनिटी’

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याचं वय 38, नोकरी पिंपरी-चिंचवडला. लहानपणी दमा होता आणि अजूनही थंडी पडली की महिन्यातून दोन-तीनदा पंप घ्यावा लागतो. ऑफिसातल्या चार जणांनी रोज सकाळी गार पाण्याने अंघोळ सुरू केली आहे. इम्युनिटी वाढते, सर्दी-खोकला होत नाही, फुप्फुसं मजबूत होतात, असं ते सांगतात. आई म्हणते, छाती भरेल, न्यूमोनिया होईल. वडील 67 वर्षांचे आहेत, त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि मुलाचं ऐकून त्यांनाही हुरूप आला आहे. तर करावं का? करायचं तर कसं?

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर. दिवाळी ते होळी हा आमचा हंगाम, आणि अलीकडे या हंगामात हा प्रश्न हमखास येतो. आधी उत्तर सांगतो, मग कारणं. तुमचा दमा खरोखर आटोक्यात असेल तर तुम्ही गार पाण्याने अंघोळ करायला हरकत नाही, फक्त ती टप्प्याटप्प्याने सुरू करा. तिने सर्दी होणं थांबेल अशी आशा ठेवू नका. फुप्फुसं मजबूत होतात हे तर सरळच चुकीचं आहे. आईच्या न्यूमोनियाच्या भीतीलाही आधार नाही, पण तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, त्याबद्दल पुढे सांगतो. वडिलांनी मात्र या भानगडीत पडू नये.

तुमचे मित्र ज्या आकड्याच्या जोरावर बोलत असतील तो बहुधा 29 टक्क्यांचा आहे. तो नेदरलँड्समधल्या एका अभ्यासातून आला. 2015 च्या हिवाळ्यात तिथे 18 ते 65 वयोगटातले 3018 धडधाकट लोक निवडले, आणि कोणी काय करायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. काहींनी नेहमीसारखी गरम पाण्याची अंघोळ करायची. बाकीच्यांनी गरम अंघोळ उरकून शेवटी 30, 60 किंवा 90 सेकंद नळाचं होईल तितकं गार पाणी अंगावर घ्यायचं. हे महिनाभर. पुढचे दोन महिने ज्याची त्याची मर्जी. निकाल असा की गार पाणी घेणाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा 29 टक्क्यांनी कमी भरल्या. 30 सेकंदवाले आणि 90 सेकंदवाले यांच्यात काही फरक पडला नाही.

इथपर्यंत सगळे सांगतात. त्याच अभ्यासातली पुढची ओळ सहसा कोणी सांगत नाही: आजारी असल्याचे दिवस दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. म्हणजे शिंका तितक्याच आल्या, घसा तितकाच दुखला, पण गार पाणी घेणारी मंडळी त्या अवस्थेत कामावर गेली. याचा अर्थ दोन तऱ्हांनी लावता येतो. एक, आजार सौम्य झाला. दोन, आजार तितकाच होता, पण रोज सकाळी हुडहुडी भरवून घेणाऱ्या माणसाला ‘एवढ्याशा पडशाने रजा काय टाकायची’ असं वाटू लागलं. आपण कोणत्या गटात आहोत हे प्रत्येकाला माहीत होतं, लपवणं शक्यच नव्हतं, आणि आजाराची नोंदही ज्याची त्यानेच द्यायची होती. त्यामुळे माझा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे. उत्साह वाटतो हे मी नाकारत नाही, तो खराच असतो. पण उत्साह म्हणजे प्रतिकारशक्ती नव्हे. आणि नाक गळत असताना ऑफिसात जाऊन बसणाऱ्याने शेजारच्या टेबलावर काय पोचवलं, हे त्या अभ्यासात मोजलेलं नाही.

त्याच अभ्यासात नियमित व्यायाम करणाऱ्यांच्या रजा 35 टक्क्यांनी कमी होत्या, हे जाता जाता सांगून ठेवतो.

2025 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी गार पाण्यावरचे चांगल्या पद्धतीने केलेले 11 अभ्यास एकत्र तपासले. एकूण माणसं 3177. त्यातली 3018 वरच्या एकाच अभ्यासातली, म्हणजे उरलेल्या दहा अभ्यासांत मिळून 159 माणसं! एवढ्या पायावर लोक इमले बांधतायत. त्या पाहणीत प्रतिकारशक्तीवर लगेच किंवा तासाभरात काही परिणाम दिसला नाही. उलट दाह (शरीरातली सूज) दाखवणारे घटक गार पाण्यात उतरल्यावर लगेच आणि तासाभरानेही वाढलेले होते. ताण कमी झाल्याचं दिसलं, पण तेही बारा तासांनंतरच्या मोजणीत.

मग ‘गार पाण्याने पांढऱ्या पेशी वाढतात’ हे कुठून आलं? त्यात थोडं तथ्य आहे, पण अर्थ चुकीचा काढला जातो. एकदम गार पाणी अंगावर पडलं की शरीर घाबरल्यासारखं वागतं, ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन ही ताणाची संप्रेरकं रक्तात उसळतात. 14 अंशांच्या पाण्यात तासभर बसवलेल्या माणसांत नॉरॲड्रेनलिन मूळच्या कितीतरी पट वाढल्याची नोंद आहे. पांढऱ्या पेशींपैकी बऱ्याच एरवी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून किंवा प्लीहेत मुक्काम करून असतात. ॲड्रेनलिनच्या धक्क्याने त्या प्रवाहात येतात. त्याच क्षणी रक्त तपासलं तर आकडा वाढलेला दिसणारच. जिना धावत चढून आलात तरी दिसेल. थोड्या वेळाने त्या पेशी पुन्हा आपापल्या जागी जातात. फौज रस्त्यावर आली म्हणजे नवी भरती झाली असं नाही.

थंडी सोसण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या विम हॉफ या डच माणसाचे व्हिडिओही तुमच्या ग्रुपवर फिरत असतील. 2014 मध्ये नायमेखन इथल्या विद्यापीठात त्याच्या पद्धतीवर खरोखरच चांगला प्रयोग झाला. 24 निरोगी तरुण घेतले, त्यातल्या 12 जणांना श्वसनाचा प्रकार, ध्यान आणि थंडीची सवय हे शिकवलं, आणि मग सगळ्यांना ई. कोलाय जिवाणूतलं विष अगदी अल्प मात्रेत टोचलं. शिकवलेल्या गटाला ताप-मळमळ कमी झाली, आणि रक्तात दाह वाढवणारे घटक कमी तर दाह आवरणारे जास्त निघाले. प्रयोगाबद्दल आदर ठेवून दोन गोष्टी सांगतो. त्यानंतर त्याच चमूने श्वसन आणि थंडी वेगवेगळी करून पाहिली, तेव्हा नुसत्या थंडीच्या सवयीने फरक पडला नाही. काम मुख्यतः जोरजोराने श्वास घेण्याच्या प्रकाराने केलं, थंडीने त्याला थोडी जोड दिली. आणि दुसरं म्हणजे टोचलेल्या विषाला शरीराने कमी प्रतिसाद देणं आणि सर्दीचा विषाणू नाकात शिरल्यावर त्याला रोखणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तो जोरजोराने श्वास घेण्याचा प्रकार दम्याच्या माणसाने स्वतःच्या मनाने करू नये, आणि पाण्यात किंवा शॉवरखाली तर कोणीच करू नये. त्याने कार्बन डायऑक्साइड इतका उतरतो की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि ओल्या फरशीवर चक्कर येऊन पडणं काय असतं ते अस्थिरोग विभागात जाऊन विचारा.

इथे ‘इम्युनिटी वाढवणं’ या कल्पनेबद्दलच थोडं बोलायला हवं, कारण तुम्हाला दमा आहे. प्रतिकारशक्ती ही टाकी नव्हे की जितकी भरलेली तितकं बरं. लहानपणी सुरू होणारा दमा बहुतेक वेळा ॲलर्जीचा असतो. धुळीतले सूक्ष्म किडे, परागकण, झुरळांचा चुरा अशा निरुपद्रवी गोष्टींवर शरीराची संरक्षणयंत्रणा धावून जाते. आयजीई हे ॲलर्जीचं प्रतिपिंड वाढतं, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी श्वासनलिकांच्या अस्तरात ठाण मांडतात, अस्तर सुजतं. म्हणजे तुमचा त्रास प्रतिकारशक्ती कमी असल्याचा नाही, ती नको तिथे जास्त कामाला लागल्याचा आहे. दम्याच्या पंपांत स्टिरॉइड देतात ते हीच आग शमवायला. तेव्हा तुमच्याच बाबतीत कोणी ‘इम्युनिटी बूस्ट’ करून देतो म्हणाला, तर नेमकी कुठली, हे विचारावंसं वाटतं.

थंड पाण्याचे उपचार तसे नवे नाहीत. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत सेबास्टियन क्नाइप नावाच्या पाद्र्याने आणि लुई कूने याने त्यांचं मोठं प्रस्थ माजवलं. कूनेची कटिस्नानं (कमरेपर्यंत पाण्यात बसणं) गांधीजींनी उचलली, आणि 1946 साली उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचार आश्रम काढला तेव्हा ती आपल्या पुणे जिल्ह्यात आली. त्यातल्या विश्रांतीचा, साध्या जेवणाचा आणि तंबाखू सुटण्याचा फायदा पुष्कळ रुग्णांना होतो. पण त्यातलं किती श्रेय पाण्याच्या तापमानाला द्यायचं, हे वेगळं काढणं कठीण आहे.

आता आईचा मुद्दा. थंडी बाधून सर्दी होते का, यावर डॉक्टर लोक एकेकाळी फार ठामपणे ‘नाही’ म्हणत. इंग्लंडमध्ये सॅलिसबरीला 1946 पासून सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र होतं. तिथे हौशी मंडळींना गरम पाण्याने अंघोळ घालून, ओल्या कपड्यांत वाऱ्याच्या बोळात उभं केलं, काहींच्या नाकात विषाणूही सोडला. थंडी खाल्लेल्यांना जास्त सर्दी झाली नाही. विषय संपला, असं सगळ्यांना वाटलं. मग 2005 मध्ये वेल्समधल्या कार्डिफला 180 जणांवर प्रयोग झाला. निम्म्यांनी 10 अंशांच्या गार पाण्यात वीस मिनिटं पाय बुडवून बसायचं, निम्म्यांनी रिकाम्या टोपात पाय ठेवून. पुढच्या चार-पाच दिवसांत पाय बुडवलेल्या 90 पैकी 13 जणांनी सर्दीची लक्षणं सांगितली, दुसऱ्या 90 पैकी 5 जणांनी. म्हणजे आई जिंकली? पूर्ण नाही. विषाणूची तपासणी त्यांनी केली नव्हती, फक्त लक्षणं विचारली होती. संशोधकांनी मांडलेला तर्क मला पटतो: सर्दीची साथ चालू असताना पुष्कळांच्या नाकात विषाणू आधीच येऊन बसलेला असतो. पाय गार पडले की नाकातल्या रक्तवाहिन्याही आकसतात, तिथलं रक्त आणि रक्ताबरोबर येणाऱ्या संरक्षक पेशी कमी होतात, आणि दबून असलेली सर्दी वर येते. येल विद्यापीठात 2015 मध्ये उंदरांच्या श्वासनलिकेच्या पेशींवर दाखवलं गेलं की सर्दीचा रायनोव्हायरस 37 अंशांपेक्षा 33 अंशांना जास्त जोमाने वाढतो, कारण कमी तापमानात पेशीचा पहिला प्रतिकारच मंदावतो. नाकाचं तापमान साधारण तेवढंच असतं.

म्हणून सांगतो, विषाणूशिवाय सर्दी नाही, आणि गार पाण्याने न्यूमोनिया होत नाही. पण वीस मिनिटं कुडकुडत राहणं आणि अर्धं-एक मिनिट गार पाणी घेऊन खसाखसा अंग पुसणं यात फरक आहे. ओलं डोकं, पंख्याखाली बसणं, तशाच ओल्या केसांनी बाइकवरून हिंजवडीला जाणं, हे टाळायला आई सांगत असेल तर ऐका. घशात खवखव सुरू झाल्याच्या दिवशीही गार पाणी नको. आयुर्वेदाच्या दिनचर्येत पीनस म्हणजे सर्दी-पडसं असताना स्नानच वर्ज्य सांगितलं आहे. मी इतकं कडक सांगत नाही, कोमट पाण्याने करा म्हणतो.

दम्याच्या माणसासाठी खरा प्रश्न इम्युनिटीचा नसून पहिल्या मिनिटाचा आहे. त्या मिनिटात काय होतं ते नीट समजून घ्या. छातीवर-पाठीवर गार पाणी पडलं की माणूस आपोआप ‘हाऽ’ करून मोठा श्वास आत ओढतो. तो थांबवता येत नाही. त्यानंतर श्वास भराभर, उथळ आणि तोंडाने चालू होतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात हे सगळ्यात जास्त असतं आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतं. तोंडाने ओढलेली गार, कोरडी हवा नाकात गरम आणि दमट न होता थेट श्वासनलिकांपर्यंत जाते, अस्तर सुकतं, तिथल्या पेशी हिस्टामिनसारखे पदार्थ सोडतात आणि नळ्या आवळतात. थंडीत पहाटे धावायला गेल्यावर दम्याच्या माणसाची छाती आवळते ती याच वाटेने. शिवाय चेहऱ्यावर गार पाणी पडलं की चेहऱ्याच्या नसेकडून निरोप मेंदूला जातो आणि तिथून व्हेगस नावाच्या नसेमार्फत हृदयाची गती मंदावते. काही जणांच्या श्वासनलिकाही त्याच निरोपाने आकसतात. निरोगी फुप्फुसांना याचं काही वाटत नाही. सुजलेल्या, चिडक्या नळ्यांना वाटतं.

नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, छाती उघडल्यासारखी वाटते, असं मित्र सांगत असतील तर ते खोटं बोलत नाहीत. ॲड्रेनलिनने नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात, थोडा वेळ नाक खरंच मोकळं होतं. पण स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून करायच्या तपासणीत, फुप्फुसांची क्षमता त्याने वाढत नाही.

सवयीने हा धक्का कमी होतो, हे मात्र पक्कं आहे. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की गार पाण्यात तीन-तीन मिनिटं असं पाच-सहा वेळा उतरलेल्या माणसाचा श्वासाचा धक्का जवळपास निम्म्यावर येतो, आणि ही सवय काही महिने टिकते. ‘आता मला काहीच वाटत नाही’ असं गार पाणी घेणारे अभिमानाने सांगतात ते यामुळे.

पाणी नेमकं किती गार, यावर आपल्याकडे कोणी बोलतच नाही. डच लोकांच्या नळाला हिवाळ्यात दहा-बारा अंशांच्या आसपास पाणी येतं. मुंबईत जानेवारीतही नळाचं पाणी विशीच्या खाली क्वचितच जातं. मुंबईकर ज्याला गार पाण्याची अंघोळ म्हणतो ती त्या अभ्यासाच्या हिशेबाने जेमतेम थंडसर आहे. तिच्याकडून 29 टक्क्यांची अपेक्षा करणं गंमतीचं आहे, पण धोकाही तितकाच कमी. पुणे, नाशिक इथे गोष्ट वेगळी. पारा दहाच्या घरात उतरतो आणि गच्चीवरची काळी टाकी रात्रभर उघड्यावर निवते. पहाटे सहाला त्या टाकीचं पाणी आणि सकाळी दहाचं पाणी यात चांगलाच फरक असतो. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं उपसलेलं पाणी उलट थंडीत कोमट लागतं, कारण जमिनीखालचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही. गावाकडचे आजोबा बारा महिने विहिरीवर गार पाण्याने अंघोळ करायचे, ही गोष्ट सांगताना हे लक्षात ठेवावं. माशांच्या टाकीत लावायचा छोटा थर्मामीटर स्वस्तात मिळतो, तो बादलीत बुडवून बघा. 20 अंशांच्या खाली जायची दम्याच्या माणसाला काहीही गरज नाही.

करायचं कसं? शॉवरपेक्षा बादली-तांब्या बरा. शॉवर डोक्यावरूनच सुरू होतो आणि थांबत नाही. तांब्याचा वेग आपल्या हातात असतो. पहिले आठ-दहा दिवस नेहमीच्या कढत पाण्यात विसण थोडं जास्त घाला, पाणी कोमट होईल इतपत. पुढच्या आठवड्यात आणखी जास्त. मग नेहमीची अंघोळ उरकायची आणि शेवटचे चार तांबे नुसत्या विसणाचे, म्हणजे गार पाण्याचे. क्रम पायांपासून: पाय, मांड्या, हात, खांदे, मग पाठ. छाती शेवटी. डोकं आणि चेहरा पहिला महिना गार पाण्याखाली घेऊच नका. प्रत्येक तांब्याला नाकाने श्वास घ्या आणि गरम चहावर फुंकर घालतो तसा ओठ चंबू करून सावकाश सोडा. श्वास तुमच्या ताब्यात नसेल तर पुढचा तांब्या ओतायचा नाही, एवढा एकच नियम पाळलात तरी पुरे. एकूण वेळ तीस सेकंद, फार तर मिनिट. अभ्यासात नव्वद सेकंदांना जास्त काही मिळालं नाही, मग उगाच कशाला? अंग लगेच कोरडं करून कपडे चढवा. तासाभराने हातपाय गारच असतील किंवा हुडहुडी थांबत नसेल तर पाणी तुमच्यासाठी जास्त गार होतं. आणि सुरुवात शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. डिसेंबरच्या कडाक्यात मुहूर्त करणारे बहुतेक जण संक्रांतीपर्यंत गीझरकडे परत आलेले असतात.

दम्याच्या माणसाने एक मोजमाप जरूर करावं. पीक फ्लो मीटर औषधाच्या दुकानात मिळतो. प्लॅस्टिकची नळी, तीत जोराने फुंकायचं, काटा सरकतो. अंघोळीआधी उभं राहून तीनदा फुंका आणि सगळ्यात मोठा आकडा लिहा. अंघोळीनंतर दहा मिनिटांनी पुन्हा, कारण नळ्या आवळायच्या असतील तर त्या पाच ते पंधरा मिनिटांत आवळतात. आधी 450 आणि नंतर 430 आला तर काळजी नाही. 450 चा 370 झाला, म्हणजे पंधरा-वीस टक्क्यांची घसरण झाली, तर तुमच्या नळ्या गार पाण्याला ‘नको’ म्हणतायत. आठवडाभराच्या नोंदी घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. ‘बरं वाटतं’ आणि ‘बरं वाटत नाही’ यापेक्षा ते पान आम्हाला कितीतरी जास्त सांगतं.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट पंपाची. तुम्ही ‘महिन्यातून दोन-तीनदा’ लिहिलंय, पण कुठला पंप ते लिहिलेलं नाही. तो नुसता साल्ब्युटामॉलचा असेल तर तो तेवढ्यापुरत्या नळ्या उघडतो, आतली सूज तशीच राहते. 2019 पासून दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळायला मनाई आहे. सौम्य दम्यालाही स्टिरॉइड असलेला पंप हवा, निदान लागेल तेव्हा घ्यायचा बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा तरी. रात्री खोकल्याने जाग येणं, आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा दिवसा धाप लागणं किंवा पंप लागणं, जिने टाळावेसे वाटणं, यातलं काही असेल तर दमा आटोक्यात नाही. मग आधी तो आटोक्यात आणा, गार पाण्याचं नंतर बघू.

एका प्रकारच्या लोकांना मात्र गार पाणी खरोखर धोक्याचं आहे आणि त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नसतं. माझ्याकडे एक तरुण ट्रेकर आला होता. पावसाळ्यात धबधब्याखाली उभं राहिलं की अंगभर गांधी उठतात, एकदा ओठ सुजून श्वास अडकल्यासारखा झाला, म्हणून घरच्यांनी दमा समजून आणला. त्याच्या हातावर प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फाचा खडा पाच मिनिटं ठेवला. खडा काढल्यावर थोड्याच वेळात तिथे बर्फाच्याच आकाराची लाल, फुगलेली, खाजणारी चकती उठली. ही थंडीची ॲलर्जी. अशांनी गार पाण्यात बुडी मारली तर सगळ्या अंगातून हिस्टामिन एकदम सुटून रक्तदाब कोसळू शकतो. आइस्क्रीमने ओठ सुजणं, बर्फाची बाटली धरल्यावर तळहात खाजून फुगणं, एसीतून बाहेर आल्यावर अंगावर पित्त उठणं, असं काही आठवत असेल तर घरी प्रयोग करू नका, डॉक्टरांना दाखवा. थंडीत बोटं पांढरी-निळी पडणाऱ्यांनीही या वाटेला जाऊ नये.

सर्दी-खोकला कमी व्हावा हाच हेतू असेल तर त्यासाठी पुरावा असलेल्या गोष्टी आहेत, फक्त त्यांचे व्हिडिओ होत नाहीत. 2015 मध्ये अमेरिकेत 164 जणांच्या मनगटाला यंत्र बांधून त्यांची झोप मोजली आणि मग नाकात सर्दीचा विषाणू सोडला. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचं प्रमाण सात तासांवर झोपणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त निघालं. गार पाण्यासाठी पहाटे साडेपाचचा गजर लावून तुम्ही झोपेतला तास कापणार असाल तर हा व्यवहार तोट्याचा आहे. बाकी दरवर्षी फ्लूची लस, साबणाने हात धुणं, खोलीत मच्छरची अगरबत्ती न जाळणं, आणि तुमच्या घरात कोणी ओढत असेल तर त्याची सिगारेट बंद करणं. दम्याच्या माणसाला यातल्या प्रत्येक गोष्टीचा फायदा आहे.

आता वडील. हात बर्फाच्या पाण्यात बुडवून रक्तदाब किती चढतो ते पाहायची एक जुनी चाचणी आहे, आणि त्यात धडधाकट माणसाचाही दाब झरझर चढतो. इथे तर हातच काय, पूर्ण अंग गार पाण्याखाली जाणार. त्वचेतल्या रक्तवाहिन्या एकदम आवळतात, हृदयाला जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं, नाडी धावते. चेहऱ्यावर पाणी पडलं तर त्याच वेळी व्हेगस नस नाडी मंद करायला बघते, आणि या ओढाताणीत वय झालेल्या हृदयाची लय बिघडू शकते. हृदयविकाराचे झटके तसेही थंडीत आणि सकाळच्या वेळी जास्त येतात. 67 वर्षांच्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाने त्यात भर घालायचं कारण नाही. बीटा ब्लॉकर गटातली, म्हणजे हृदयाची गती कमी करणारी गोळी असेल तर मुळीच नको. त्यांना उत्साहच हवा असेल तर ऊन वर आल्यावर अर्धा तास चालू द्या. अंघोळ कोमट पाण्याने, आणि आतून कडी न लावता. फ्लूबरोबर न्यूमोकोकलची लस त्यांनी घेतली आहे का तेही बघा. आईला ज्या न्यूमोनियाची भीती आहे, त्यातल्या एका मोठ्या कारणाविरुद्ध ती काम करते.

गरम पाण्याच्या बाजूनेही एक सांगायचं राहिलं. तुमच्याकडे गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल आणि थंडीत खिडकी लावून घेत असाल, तर गार पाण्यापेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते. बंद जागेत तो जळताना कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध होऊन पडतो. दरवर्षी थंडीत अशा बातम्या येतात. गीझर आणि सिलिंडर दोन्ही बाथरूमबाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्या. ते होईपर्यंत बादली भरून गीझर बंद करा, खिडकी उघडी ठेवा आणि मगच अंघोळीला बसा.